शिकणाऱ्याची जागा

ख्रिस्ती जीवनात नम्रतेविषयी आपण पुष्कळ बोलतो, परंतु बहुतेक वेळा ती वागण्याबोलण्याची एक रीत आहे असे धरून बोलतो. हळू बोलावे, पुढे पुढे करू नये, कोणी कौतुक केले की सर्व गौरव प्रभूला द्यावा. हे सारे चांगलेच आहे. तरीही जो माणूस वर्षानुवर्षे मंडळीत आहे, ज्याला वचने तोंडपाठ आहेत आणि ज्याच्याकडे उपासनेत पहिल्या प्रार्थनेचा मान ठरलेला असतो, त्याच्या नम्रतेचा कस मला वेगळ्याच ठिकाणी लागताना दिसतो. वयाने, शिक्षणाने किंवा मंडळीतल्या मानाने लहान असलेल्या कोणाकडून पवित्र शास्त्रातली एखादी गोष्ट शिकून घेण्याची त्याची तयारी आहे की नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या १८व्या अध्यायातला अपुल्लोस मला म्हणूनच फार मोठा वाटतो. तो आलेक्सांद्रियाचा, म्हणजे त्या काळच्या विद्येच्या माहेरघरातला. उत्तम वक्ता आणि शास्त्रात प्रवीण. इफिसच्या सभास्थानात तो आवेशाने बोलतो आणि येशूविषयी बोलतो ते बरोबरच बोलतो, पण त्याला केवळ योहानाचा, म्हणजे पश्चात्तापाचा, बाप्तिस्मा ठाऊक असतो. ऐकणाऱ्यांत प्रिस्किल्ला आणि अक्विला हे जोडपे आहे. रोमी सम्राट क्लौद्याच्या हुकुमामुळे रोम सोडावे लागलेले हे दोघे तंबू शिवून पोट भरतात. ते त्याला भर सभेत अडवत नाहीत, आपल्याकडे बोलावून घेतात आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगतात. अत्यंत जुन्या हस्तलिखितांत या ठिकाणी प्रिस्किल्लेचे नाव नवऱ्याच्या आधी येते, तेव्हा समजावण्यात तिचा वाटा मोठा असावा, असे मी मानतो. एका विद्वानाला एका कारागीर बाईने शिकवले आणि त्याने ते शिकून घेतले. त्यावर तो काय म्हणाला हे या पुस्तकाचा लेखक लूक सांगत नाही. तो एवढेच सांगतो की पुढे अपुल्लोस अखयात गेला, बंधुजनांनी त्याच्यासाठी पत्र लिहून दिले आणि तेथल्या विश्वासणाऱ्यांना त्याचे फार साहाय्य झाले. करिंथकरांना लिहिताना प्रेषित पौलाने मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, असे म्हणून त्याला आपल्या बरोबरीला बसवले, ते यानंतरचे.

हा अध्याय आमच्या गुरुवारच्या बायबल अभ्यासात निघाला, तेव्हा माझ्या मनात कधीही न आलेला एक प्रश्न सुटला. तंबू शिवणाऱ्या या दोघांना इतके सखोल ज्ञान आले कोठून? आमच्यातले एक बंधू इतवारीतल्या दुकानात ताडपत्र्या शिवतात. एरवी ते फारसे बोलत नाहीत, पण त्या संध्याकाळी त्यांनी टेबलावरचा कपडा उचलून दाखवायला सुरुवात केली. मोठी ताडपत्री एकट्याला आवरत नाही, म्हणून एक जण कड दुमडून ताणून धरतो आणि दुसरा समोर बसून टाका घालतो. कोपऱ्यात, जेथे चार पदर एकावर एक येतात, तेथे दोरा मेण लावूनच ओढावा लागतो, नाहीतर तो तुटतो. पावसाळ्याच्या तोंडावर असे तासन् तास समोरासमोर बसावे लागते. "हात कामात असले का तोंड मोकळं राहते नं, सर," ते अभ्यास घेणाऱ्या निवृत्त प्राध्यापकांना म्हणाले. करिंथात पौल त्यांच्याच घरी राहिला आणि त्यांच्याबरोबर काम करत होता, हे तर तिसऱ्याच ओवीत आहे. पौलाचे उत्तमातले उत्तम धडे कदाचित कापडाच्या दोन कडांना बसलेल्या माणसांत झाले असतील. प्राध्यापकांनी आपल्या बायबलच्या समासात ते लगेच लिहून घेतले आणि पुढच्या गुरुवारी प्रारंभी पुन्हा त्यांनाच बोलायला सांगितले. त्या वृद्ध गृहस्थांविषयीचा माझा आदर त्या दिवशी दुणावला.

नागपूरच्या ख्रिस्ती माणसाला या वृत्तीचा वारसा परका नाही. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली येथे आले ते शिकवण्यासाठी. परंतु या माणसाने येथल्या भाषा शिकल्या, गोंडांच्या कथा आणि गाणी त्यांच्याच तोंडून ऐकून टिपली, सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर टाकळीच्या आसपासच्या खडकांत जीवाश्म शोधले. १८६३च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नदीत त्यांचा अंत झाला. त्यांची टिपणे १८६६मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली, आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३पासून शहरात उभे आहे. सुवार्तेविषयी हिस्लॉप यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, आणि तरीही ज्या लोकांत ते आले त्यांच्यापुढे ते विद्यार्थी होऊन बसू शकले. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे आम्हा विश्वासणाऱ्यांना वारंवार सांगावे लागते, याचे मला वाईट वाटते.

याच शहरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांच्यातल्या काही बालकांचा बाप्तिस्मा करणाऱ्या होत्या, तर काही समजत्या वयातच बाप्तिस्मा देणाऱ्या. दोन्ही पद्धतींना एका छताखाली जागा मिळाली. आपल्या पूर्वजांनी ज्या मुद्द्यावर वाद घातले, त्यावर समोरच्यालाही देवाने काही दाखवले असेल, असे मान्य करणे हे एका माणसालाच जड जाते; सबंध मंडळ्यांनी ते केले.

"आता या वयात काय शिकायचे" हे वाक्य मी वडीलजनांकडून वरचेवर ऐकतो आणि ते मला पटत नाही. पंडिता रमाबाईंना पंडिता ही पदवी तरुणपणीच मिळाली होती. तरीही बायबलच्या मराठी भाषांतरासाठी त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि १९२२मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या कामाला चिकटून राहिल्या. लग्नानंतर अक्षरे गिरवायला लागलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी १९१९मध्ये पती, कवी ना. वा. टिळक, गेल्यावर त्यांचे ख्रिस्तावरचे अपुरे काव्य 'ख्रिस्तायन' हाती घेतले. पौल तर तुरुंगात मरणाची वाट पाहत असतानाही तीमथ्याला झग्याबरोबर पुस्तके, आणि विशेषतः चर्मपत्रे, आणायला सांगतो.

अर्थात, शिकायला तयार असणे म्हणजे मोबाइलवर येणारा प्रत्येक संदेश खरा मानणे नव्हे. बिरुया नगरातल्या लोकांनी पौलाचे बोलणे उत्सुकतेने ऐकले आणि मग या गोष्टी अशाच आहेत काय, हे दररोज शास्त्रात शोधून पाहिले. ज्याला शोधायचे नसते, तो एकतर सर्व मानतो किंवा सर्व नाकारतो.

याची गरज सध्या मला सर्वांत अधिक दिसते ती तरुणांसमोर. दृढीकरणाच्या, म्हणजे मुलांना आपला विश्वास स्वतः जाहीर करायला तयार करणाऱ्या, वर्गातल्या एका मुलाने मध्यंतरी विचारले की जीवाश्म इतक्या लाखो वर्षांचे असतील, तर उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातले सहा दिवस कसे समजायचे. एका ज्येष्ठांनी असे प्रश्न विश्वास डळमळीत करतात म्हणून त्याला गप्प बसवले. हिस्लॉपच्या नागपुरात हे घडावे, याने मी फार अस्वस्थ झालो. आमच्या पाळकांना ते कळल्यावर त्यांनी मुलाला घरी बोलावले आणि सरळ सांगितले की भूशास्त्र मला येत नाही, तू मला तुझे पुस्तक शिकव, मी तुला उत्पत्ती शिकवतो, आणि जे दोघांनाही कळणार नाही ते वहीत लिहून ठेवू. तेव्हापासून दर शनिवारी ते दोघे बसतात, आणि आता वर्गातली आणखी तीन मुले आपापले प्रश्न घेऊन तेथे जाऊ लागली आहेत.