बारा मीटरचा रस्ता आणि अकरा फुटांची पाणंद

भोसरीतील आमचा फॅब्रिकेशनचा कारखाना भाड्याच्या शेडमधून स्वतःच्या जागेत न्यायचा, या विचाराने जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघे भागीदार पारनेर तालुक्यातील पाच एकरांचा एक गट पाहून आलो. सुपे औद्योगिक वसाहतीपासून नऊ किलोमीटर, जागेपर्यंत बारा मीटरचा रस्ता, विजेची लाइन जागेवरूनच गेलेली आणि पाण्याला तोटा नाही, असे मध्यस्थाने सांगितले होते. यांपैकी लाइन जागेवरून गेलेली आहे एवढेच खरे निघाले आणि तीच पुढे अडचण ठरली.

पुण्याहून निघायचे तर सकाळी सहाच्या आत निघावे. आम्ही साडेसातला निघालो, वाघोली आणि शिक्रापूरच्या चौकात यथेच्छ सडलो आणि शिरूरला घोड नदी ओलांडेपर्यंत साडेअकरा वाजले. पुढे सुप्यापर्यंत काहीच त्रास नाही.

खरी गोष्ट सुरू होते ती जागा ज्या गावात आहे त्या गावाबाहेर, डांबर संपते तेथे. तेथून जागेपर्यंत १,४०० मीटर अंतर आहे आणि मध्यस्थाचा ‘बारा मीटरचा रस्ता’ तो हाच. गाव नकाशात तो दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला आहे, म्हणजे गाडीमार्ग, ज्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या बांधांनी तो वर्षानुवर्षे खाल्लेला असल्यामुळे टेप लावला तेव्हा एका ठिकाणी चौदा फूट भरला, बहुतेक ठिकाणी बारा आणि ओढ्याच्या अलीकडच्या काटकोनी वळणावर जेमतेम अकरा. त्या वळणावर बाभळीचे खोड इतके आत आले आहे की आमच्या बोलेरोचा आरसा मिटवावा लागला. चाळीस फुटी ट्रेलर तेथून वळणे अशक्य आहे. ओढ्यावर पूल नाही, सिमेंटच्या दोन नळ्या टाकून वर मुरूम पसरलेला आहे आणि आदल्या रात्रीच्या पावसाने त्यातला निम्मा वाहून गेला होता. पलीकडच्या काळ्या चिखलात गाडी रुतली. ट्रॅक्टरने ओढून काढायचे दोन हजार सांगितले, पंधराशे दिले, काम सात मिनिटांचे. ट्रॅक्टर जवळच उभा होता आणि त्याला साखळी आधीच लावलेली होती, एवढे मी नोंदवून ठेवतो.

रस्त्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. ‘तहसीलदाराकडून रस्ता मिळतो’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून मिळणारा रस्ता हा शेतकऱ्याला शेतात जाण्यासाठी असतो, तर मामलेदार न्यायालय अधिनियमाचे कलम ५ आधीपासून वहिवाटीत असलेल्या रस्त्यावरचा अडथळा काढण्यासाठी आहे. कारखान्याच्या अवजड वाहनांसाठी रुंद रस्ता हवा असेल तर वाटेतील प्रत्येक खातेदाराकडून तेवढी पट्टी नोंदणीकृत दस्ताने घ्यावी लागते. आमच्या वाटेवर असे सात खातेदार होते.

आता त्या लाइनविषयी. ती खांबांची नसून मनोऱ्यांची होती आणि मनोऱ्यावरच्या पाटीवर २२० केव्ही लिहिलेले होते. तिच्यातून आमच्यासारख्या कारखान्याला जोड मिळत नाही, उलट तिच्याखाली ३५ मीटर रुंदीचा पट्टा बांधकामाविना सोडावा लागतो. ती गटातून तिरपी सुमारे १२० मीटर जाते, म्हणजे ४२ आर (एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर), एकराहून अधिक जागा गेली. जवळच्या शेती फीडरवर थ्री फेज वीज आठ तास, तीही पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री. पाण्याचे म्हणाल तर शेजारच्या वस्तीवर जूनअखेरीलाही निळी पिंपे टँकरच्या वाटेकडे तोंड करून मांडलेली होती.

जमिनीत दोन खड्डे घेतले. दक्षिणेला तीन फुटांवर मुरूम लागला, उत्तरेला आठ फूट खणूनही काळी मातीच येत राहिली. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे शेडचा पाया आणि फरशी दोन्हींचा खर्च वाढतो. जेसीबी चालला चाळीस मिनिटे, पैसे मागितले तीन तासांचे. मशीनवर तासांचा मीटर असतो, खड्डा सुरू करण्यापूर्वी त्याचा फोटो काढावा. आम्ही काढला नव्हता.

कागदपत्रे घरूनच पाहून निघावीत. सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो आणि डिजिटल स्वाक्षरीचा पंधरा रुपयांत मिळतो, पण तेवढ्यावर न थांबता जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलत गेल्याच्या नोंदी, काढाव्यात. आमच्या गटात हिस्सेदार सहा निघाले आणि सही द्यायला तयार चारच होते. भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल किंवा सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात पुनर्वसनाचा शेरा असेल तर जागा पाहायला जाऊच नये. पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी भाग, वजा करून क्षेत्र मोजावे. ओढ्यामुळे आमच्याकडे तो एकतीस आर होता. आम्ही शेतकरी नसल्याने शेतजमीन विकत घ्यायला कूळकायद्याचे कलम ६३ आडवे येते. कलम ६३-१अ मध्ये औद्योगिक वापरासाठी वाट आहे, पण ती जागेच्या झोनवर, म्हणजे आराखड्यात ती कोणत्या वापरासाठी दाखवली आहे यावर, अवलंबून असते, म्हणून नगररचना कार्यालयाचा झोन दाखला हाती आल्याशिवाय टोकन देऊ नये. हद्द मात्र सरकारी मोजणीच्या नकाशावरून, म्हणजे ‘क’ प्रतीवरूनच मानावी, मालकाच्या हातवाऱ्यांवरून नव्हे.

दुसऱ्या दिवशी वसाहतीतील भूखंड पाहिला. रस्ता, पाणी, वीज सर्व जागच्या जागी आहे, दर आमच्या आवाक्याबाहेर आहे.

तिसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला की अडीच लाख द्या, जेसीबी लावून आठवड्यात रस्ता रुंद करून देतो. सातही खातेदारांच्या दस्तांच्या प्रती पाठवा, मग पैशांचे बोलू, असे मी म्हणालो. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.