तुम्ही विचारलंत म्हणून: हे किडे करतात तरी काय?

घरी येणारा प्रत्येक जण बाल्कनीतल्या जाळीच्या पिंजऱ्यात डोकावतो, "यात तर नुसत्या पेरूच्या फांद्यायत" म्हणतो, मग मी बोट दाखवते की ते पान नाही, पानकिडा आहे, आणि मग ठरलेला प्रश्न, अगं पण हे करतात काय?

खरं सांगू, काही नाही. दिवसभर लटकतात, रात्री पानं कुरतडतात, फुंकर मारली की झुळूक आल्यासारखे डुलतात. खेळायला हवं असेल तर कुत्रं पाळा.

गंमत आहे ती अंड्यात. वेलचीच्या दाण्यासारखी दिसतात, मादी वरून अशीच खाली टाकते, पहिली खेप तर आईने बिया समजून केराबरोबर काढली होती. आता मी गोळा करून ओलसर वाळूवर डब्यात ठेवते आणि चार-सहा महिने नुसती वाट बघते, पाणी जास्त झालं की बुरशी, कमी झालं की पिल्लू टरफलात अडकतं. पिल्लू निघतं ते तांबूस-काळं, मुंगीसारखं सैरावैरा पळणारं, आणि पेरूची पानं पोटात गेली की हळूहळू हिरवं होतं. हे मी कितीही वेळा बघू शकते! आणि हो, माझ्याकडे नर एकही नाही, नराशिवायही अंडी उबतात, फक्त पिल्लं सगळ्या माद्याच.

त्रास म्हणाल तर आपला नाशिकचा एप्रिल-मे. कात टाकताना हे उलटे लटकतात, हवा कोरडी असली की पाय जुन्या कातडीतच अडकतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी फवारायचं. लहानपणी पाय तुटला तर पुढच्या कातीला बारीकसा का होईना परत येतो, मोठ्यांचा येत नाही.

दुसरं म्हणजे कीटकनाशकांची फवारणी. नाशकात पेरूला तोटा नाही पण शेजारी द्राक्षबाग असेल तर ती पानं मी फुकट दिली तरी घेत नाही. एकदा दिंडोरीकडून नातेवाइकांच्या शेतातली फांदी आणली, धुतलीसुद्धा, सकाळी सात जणी तळाला पडलेल्या. तेव्हापासून बिल्डिंगमागचं एकच झाड.

फांद्या बदलताना किडे मोजायचे, बारा जणी भरल्याशिवाय जुन्या फांद्या टाकायच्या नाहीत. परवा अकराच भरत होत्या. बारावी कचऱ्याच्या बादलीत, सुकलेल्या फांदीला धरून निवांत लटकलेली.