तंबूत झोपून किती पैसे वाचतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही म्हणजे ऑफिसातले, सोसायटीतले आणि परवा ऐरोलीच्या सिग्नलला माझ्या गाडीवरचं गाठोडं बघून काच खाली करणारे ते काका. प्रश्न सगळ्यांचा एकच. "दरवर्षी गोव्याला बाइकवाल्यांच्या मेळाव्याला जाता, तिकडे तंबूत झोपता म्हणे. मग बरेच वाचत असतील?"

महाप्याच्या एका कंपनीत मी हिशेब बघते, त्यामुळे उत्तर वहीत तयार आहे. पहिल्या वर्षी एक रुपया वाचला नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ८०० रुपये वाचले.

मेळावा म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी वागातोरला तीन दिवस भरतो तो, रॉयल एनफिल्डवाल्यांचा. पूर्वी त्याला रायडर मेनिया म्हणायचे, २०२३ पासून मोटोव्हर्स म्हणतात. आम्ही दोघी जातो, मी आणि माझी नेरुळची मैत्रीण. गाड्या दोन, तंबू एक. तंबूचं वेड मात्र माझ्या भाच्याने डोक्यात घातलं. अमेरिकेत साउथ डकोटातल्या स्टर्जिसला १९३८ पासून ऑगस्टात मोटरसायकलवाल्यांची मोठी रॅली भरते. माळरानावर हजारो तंबू, प्रत्येकाच्या दारात गाडी. त्याने मोबाइलवर ते दाखवलं आणि मला वाटलं, आपणही वागातोरला समुद्रासमोर तंबू ठोकू.

आता पहिल्या वर्षीची खरेदी ऐका. तंबू ४,५००. खाली घालायच्या दोन मॅट १,८००. दोन स्लीपिंग बॅगा २,८००. छोटी गॅसची शेगडी १,१००, तिचे दोन डबे ५००. गाडीला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या बॅगा २,६००. बेरीज १३,३००. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही म्हापशाला लॉजवर राहिलो होतो, तेव्हा तीन रात्रींचे ६,६०० झाले होते. म्हणजे घराबाहेर पडण्याआधीच लॉजच्या दुप्पट पैसे मी प्लॅस्टिकच्या कापडात घातले होते. हे मी घरी सांगितलं नाही. वहीत मात्र लिहिलं.

त्यातल्या स्लीपिंग बॅगा म्हणजे शुद्ध मूर्खपणा. नोव्हेंबरात किनाऱ्यालगत रात्री एवढा उकाडा असतो की आम्ही दोघी त्या बॅगांवर झोपलो, आत कोणीच गेलं नाही. एक सुती चादर आणि आईची जुनी गोधडी पुरते. थंडीसाठी पैसे घालवायचेच असतील तर ते आंबोलीला राहणाऱ्यांनी घालवावेत. मॅटवर मात्र कंजुषी करू नका. दिवसभरात पाचशे किलोमीटर गाडी चालवल्यावर पाठ आधीच बोलत असते, तिच्याखाली जांभ्या दगडाचे खडे आले की ती ओरडायला लागते.

रस्त्याचं थोडक्यात. दुचाकींना एक्स्प्रेसवे बंदच आहे आणि आम्हाला त्याची गरजही नसते. पहाटे चारला ठाणे-बेलापूर रोड पकडायचा, कळंबोली, पळस्पे फाटा, मग मुंबई-गोवा हायवे. रुंदीकरण २०११ पासून चालू आहे, त्यावर मी नवं काय बोलणार! कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटातली वळणं वाचतात एवढं खरं. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी करत संध्याकाळी गोव्याच्या हद्दीअलीकडे बांद्याला.

पहिल्या वर्षी आम्ही बांद्याला नुसता चहा घेऊन, मुक्काम न करता, तशाच पुढे वागातोरला गेलो. अंधार पडला होता. किनाऱ्याच्या वर एक सपाट जागा बघून तंबू उलगडला, आणि दहा मिनिटांत एक पोलीस आला. रागावला नाही बिचारा. "मॅडम, इथे लावता येत नाही," एवढंच म्हणाला, आणि आम्ही गाठोडं परत बांधेपर्यंत आमच्यासाठी टॉर्च धरून उभा राहिला. गोव्यात २०१९ पासून उघड्यावर स्वयंपाक करायलाही दंड आहे, म्हणजे शेगडी पेटवली असती तर लॉजचं भाडं तिथेच फिटलं असतं.

मग आठवली ती बांद्याजवळची खानावळ, जिथे संध्याकाळी चहा घेतला होता. चाळीसेक किलोमीटर मागे. साडेदहाला पोचलो तेव्हा काकू भांडी घासत होत्या. मागच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, तंबू लावू का, म्हणून विचारलं. त्यांनी आधी आम्हाला बघितलं, मग गाड्यांना, मग तंबूला, आणि म्हणाल्या, "घर आसताना भायर कित्याक निजतास? पडवी आसा मगे!"

त्यांना अजूनही ते पटलेलं नाही. दरवर्षी एकदा विचारतातच. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, शेवटी न्हाणीचं पाणी तापवायला लाकडं लागतात या मुद्द्यावर रात्रीचे ३०० ठरले, दोघींचे मिळून. तेव्हापासून आमचा मेळावा गोव्यात आणि बिछाना महाराष्ट्रात.

बायका मला तंबूबद्दल वेगळाच प्रश्न विचारतात: रात्री भीती नाही वाटत? खरं सांगू का, तंबूत बाईची अडचण रात्रीची नसते, सकाळची असते. न्हाणी आणि संडास कुणाचे, किती लांब, दाराला कडी आहे का, हे तीन प्रश्न सुटले की बाकी सगळं सोपं. म्हणून मी जागा बघताना देखावा बघत नाही, घर बघते. ज्या घरात म्हातारी माणसं पहाटे उठून अंगण झाडतात, त्या अंगणात झोप चांगली लागते.

खळ्यात तंबू लावायचीही एक तऱ्हा असते. माडाखाली लावू नका, नारळ पडताना आधी सांगत नाही. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या जांभ्यात वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातले सहा इंची खिळे न्या. गाडीच्या साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा, नाहीतर मऊ मातीत स्टँड रुततो आणि गाडी पहाटे आडवी सापडते. तंबूच्या वरच्या खिडक्या उघड्याच ठेवायच्या. आम्ही डासांना घाबरून सगळं बंद केलं होतं, तर सकाळी आतून पाणी ठिबकत होतं. मैत्रीण म्हणाली पाऊस आला. पाऊस कसला, आमचाच श्वास होता तो, आणि बाहेरून दव. आणि शेगडी काहीही झालं तरी तंबूच्या आत नाही. नुसती आगीची भीती नाही, बंद जागेत तिचा न दिसणारा विषारी वायू माणसाला झोपेतच घेऊन जातो.

सामान बांधायला हुकवाले रबरी दोर मी सोडून दिले. एकदा हुक सुटून डोळ्याशेजारी लागला. आता रबाळ्याच्या पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून घेते, चहाच्या पैशात काम होतं. जड वस्तू खाली आणि आपल्या पाठीजवळ, हलक्या वर. मागच्या चाकात हवा डबलसीटची भरायची, कारण ते गाठोडं म्हणजे एक बारीक माणूसच असतो. आमच्या गाड्यांच्या स्पोकच्या चाकांत ट्यूब आहेत, म्हणून एक जादा ट्यूब. ती मागच्या वर्षी माझ्या नाही, लांज्याजवळ एका अनोळखी मुलाच्या कामी आली.

खाण्यात वाचतात म्हणता? थोडे. दशम्या आणि तिळाची चटणी दोन दिवस टिकते. रवा घरीच फोडणी घालून भाजून नेला की नुसतं उकळतं पाणी ओतून उपमा होतो. पण काकूंच्या हातची सोलकढी समोर असताना उपमा खाणारी माणसं मला समजत नाहीत. जेवणाचा खर्च आमचा लॉजच्या वर्षाइतकाच आहे.

आता तो हिशेब, जो मेळाव्याच्या गप्पांत कोणी मांडत नाही. म्हापशाहून वागातोर जवळ, बांद्याहून लांब. रोज दोन्ही वेळचे मिळून साठ किलोमीटर जास्त, तीन दिवस, दोन गाड्या: ३६० किलोमीटर. आमच्या गाड्या पस्तीसचं ॲव्हरेज देतात, म्हणजे दहा लिटरच्या वर, साधारण हजार रुपये. तेही गोव्यात पेट्रोल भरतो म्हणून. २०१२ मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट उतरवला, तेव्हापासून पत्रादेवीच्या पुढे, गोव्याच्या हद्दीत जाऊन टाकी भरायची सवय आमच्यासारख्या कैकांना लागली आहे. टाकीतून पेट्रोल परत आणता येतं. दारूची बाटली आणायला परवाना लागतो, इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाठोडी सोडून बघतात, आणि आमचं गाठोडं परत बांधायला वीस मिनिटं लागतात.

तर लॉजचे ६,६००, वजा काकूंचे ९००, वजा पेट्रोलचे १,०००. वर्षाला ४,७००. तीन वर्षांचे १४,१००. त्यातून सामानाचे १३,३०० गेले, उरले ८००.

वहीत न लिहिलेला एक खर्च आहे. रात्री चाळीस किलोमीटर गाडी चालवत परत यायचं म्हणजे बिअर नाही, आणि शेवटचा बँड सुरू व्हायच्या वेळेला आम्ही हेल्मेट घालत असतो. तीन वर्षांत एकही शेवटचा कार्यक्रम पाहिलेला नाही. मैत्रिणीला त्याचं वाईट वाटतं. मला पत्रादेवीच्या अलीकडे अंधारात इंजिनाचा तो एकसुरी आवाज त्या बँडपेक्षा आवडतो, पण हे मी तिला सांगत नाही.

आणि हो, तो तंबू आधी घरी लावून बघा. आम्ही सोसायटीच्या गच्चीवर लावला होता. स्लॅबमध्ये खुंटी जात नाही, म्हणून दोऱ्या टाकीच्या पाइपांना बांधल्या, आणि सेक्रेटरींनी वर येऊन विचारलं की घरात भांडण झालंय का. पण डोळे मिटून दहा मिनिटांत लावता येईपर्यंत आम्ही चार रविवार लावला.

यंदा जूनमध्ये ऑफिसातल्या एका मुलाने पवना धरणाला न्यायला तो तंबू मागितला. मी दिला. त्याने परत दिला तो पिशवीत नीट घडी घालून, पण ओलाच, आणि मी ती पिशवी न उघडता तशीच माळ्यावर टाकली. चूक माझीही आहे. गणपतीचं मखर काढताना वास आला. आतून काळे ठिपके, आणि शिवणींवरची पट्टी सुटलेली. व्हिनेगरच्या पाण्याने पुसला, दोन दिवस गच्चीवर वाळवला, शिवणींना लावायचा चीक आणला. ३५० रुपये.

म्हणून परवा सिग्नलला त्या काकांनी "बरेच वाचत असतील?" विचारलं तेव्हा मी हेल्मेटची काच वर करून खरं ते सांगितलं. "साडेचारशे."

"एका रात्रीचे?" त्यांनी विचारलं, तेवढ्यात सिग्नल सुटला आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले.