संतोषाने देणारे

इंग्लंडमधल्या आमच्या चर्चमध्ये दानार्पणाची थाळी फिरते, तेव्हा बरेच जण तिच्यात काहीही न टाकता ती पुढे देतात. त्यांचं अर्पण महिन्याच्या सुरुवातीलाच बँकेतून परस्पर जमा झालेलं असतं. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भिडेखातर नको, असं बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो. इथे ते ‘ठरवणं’ फार मनापासून केलं जातं. रक्कम एकदा ठरली की दर रविवारची मनातली घासाघीस संपते, आणि देणाऱ्याचा चेहरा खरंच खुलतो. इथे कर भरणाऱ्याने ‘गिफ्ट एड’चा फॉर्म भरला, तर त्याच्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून चर्चला आणखी 25 पेन्स मिळतात. नव्याने येणाऱ्यांनी तो जरूर भरावा.

पण मला सर्वात आवडते ती शरद ऋतूतली सुगीची उपासना. कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टोचे पाळक रॉबर्ट हॉकर यांनी 1843 मध्ये ती चर्चमध्ये साजरी केली आणि पुढे देशभर तिची प्रथा पडली. आता शहरातल्या चर्चमध्ये वेदीपुढे कणसांपेक्षा डबाबंद भाज्या, पास्ता आणि टिकाऊ दुधाचे खोकेच जास्त असतात. ते सगळं फूड बँकेत जातं. ‘ट्रसेल’ या सेवाभावी संस्थेची पहिली फूड बँक 2000 साली सॉल्झबरीत एका ख्रिस्ती जोडप्याने सुरू केली, आज तिचं जाळं देशभर आहे. डॉक्टर किंवा समाजसेवक गरजू माणसाला चिठ्ठी देतात, ती दाखवली की निदान तीन दिवसांचा शिधा मिळतो.

आमच्याकडे सामान निवडायला एक आजी येतात. प्रत्येक डब्यावरची बारीक तारीख चष्मा सरकवून वाचतात आणि जाड मार्करने ठसठशीत लिहितात. ओढून उघडणारे डबे त्या वेगळे ठेवतात, कारण घेणाऱ्याकडे ओपनर असेलच असं नाही. काहींकडे शेगडीही नसते, नुसती पाणी उकळायची किटली असते. त्यांच्यासाठी फक्त गरम पाणी ओतून होणाऱ्या पदार्थांची पिशवी निराळी. न पाहिलेल्या माणसाच्या स्वयंपाकघराचा इतका विचार! देण्यातला आनंद मला त्या टेबलाशी दिसला.

अशा वेळी पंडिता रमाबाई आठवतात. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमधल्याच वाँटिज इथे झाला. लंडनच्या फुलम भागात समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची ख्रिस्ती भगिनी मायेने सेवा करताना त्यांनी पाहिल्या, आणि ही माया येते कुठून, या प्रश्नाने त्यांना शुभवर्तमानातल्या, विहिरीपाशी येशूशी बोललेल्या शोमरोनी स्त्रीपर्यंत नेलं. निराधार स्त्रियांसाठी त्यांनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमागे हे पाहिलेलं नक्कीच असणार, असं मला वाटतं.

पौलाच्या त्याच पत्रातल्या मासेदोनिया प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळ्या स्वतः दारिद्र्यात होत्या, तरी ‘आम्हालाही देऊ द्या’ म्हणून त्यांनी पौलाला गळ घातली होती. त्या ओळी मला पूर्वी अतिशयोक्तीच्या वाटायच्या. गेल्या हिवाळ्यात चिठ्ठी घेऊन आलेले एक गृहस्थ नोकरी लागल्यावर परत आले. आजींनी नेहमीप्रमाणे चहा पुढे केला, तर ते म्हणाले, “चहा नंतर. आधी मला काम सांगा.” आता शनिवारी खोकी तेच उचलतात.