बुगुन लिओसिक्ला हा दुर्मिळ पक्षी दिसला एकदाचा!!
अरुणाचल, ईगलनेस्ट अभयारण्याजवळ लामा कॅम्प. सकाळपासून नुसतं धुकं, बोटं गारठलेली, आणि एकदम समोरच्या झुडपात खुसपुस... काळी टोपी, डोळ्यापुढे पिवळाजर्द ठिपका, पंखावर पिवळं-लाल-पांढरं, जेमतेम दोन-चार सेकंद आणि गायब.

या पक्ष्याची जगाला ओळख झाली २००६ मध्ये, रमणा अत्रेयांमुळे. माणूस मूळचा खगोलशास्त्रज्ञ, आपल्या पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतला! नवीन जात म्हटली की एक पक्षी मारून म्युझियममध्ये ठेवायची पद्धत, पण हे इतके कमी की त्यांनी जाळ्यात आलेल्याची गळलेली पिसं ठेवली, फोटो काढले आणि सोडून दिला. मला तर शोधापेक्षा हेच भारी वाटतं.

आणि जंगल टिकलंय ते तिथल्या बुगुन आदिवासींमुळे हो, लाकूडतोड आणि रस्ता दोन्हीची टांगती तलवार असताना त्यांच्या सिंगचुंग गावाने स्वतःची १७ चौरस किमी जमीन राखीव करून दिली २०१७ मध्ये, गावातलीच पोरं गस्त घालतात. आपल्याकडे देवराईतली झाडं रिसॉर्टसाठी जातात तेव्हा कोण गस्त घालतं?

फोटो मागू नका, फांदी आलीये फक्त 😅