आंबेनळी घाट, बीटलचा बेल्ट आणि पाण्यात गेलेले अकराशे रुपये

सुरुवातीलाच सांगतो, पुणे-महाबळेश्वर-पोलादपूर-गुहागर ही ट्रिप जुन्या फोक्सवॅगन बीटल गाडीने होते, आरामात होते, पण डायनामोचा (बॅटरी चार्ज करतो तो) बेल्ट घरीच नीट लावून निघालात तरच. मी लावला होता, पण चुकीचा लावला होता, आणि तेही दुसऱ्याचं ऐकून.

गाडी १९६८ ची, १२ व्होल्टची, डायनामोवाली. निघायच्या दोन दिवस आधी एका जाणकार काकांनी ठामपणे सांगितलं की घाटात जायचंय ना, मग बेल्ट कडक ठेव, तारेसारखा वाजला पाहिजे. त्यांच्याकडे तीन जुन्या गाड्या आहेत म्हणून मी मान डोलावली आणि बेल्ट कडक करायला डायनामोच्या पुलीच्या दोन अर्ध्यांमधले दोन वायसर, म्हणजे पातळ चकत्या, काढून टाकले. पहाटे साडेपाचला निघालो, सुरूर फाट्याला वळलो, वाईत चहा घेतला, तोपर्यंत सगळं मस्त. पसरणी घाटाच्या मध्यावर मागून एक बारीक शीळ यायला लागली. बायको म्हणाली पक्षी असेल. पक्षी नव्हता, डायनामोचं बेरिंग होतं. थांबून बघितलं तर बेल्टच्या कडेचे दोरे सुटलेले.

आता हे समजून घ्या, कारण पुढचं सगळं ह्याच्यावरच आहे. बीटलचं इंजिन हवेवर थंड होतं, रेडिएटर नाही, पाणी नाही, आणि हवा मारणारा पंखा डायनामोच्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला बसवलेला असतो. म्हणजे हा एक बेल्ट चार्जिंगही करतो आणि इंजिनही थंड ठेवतो. तुटला किंवा घसरायला लागला तर डॅशवरचा लाल दिवा लागतो, बाकी काही सांगणारं नाही, टेंपरेचरचा काटाच नाही. दुसऱ्या गाडीत लोक म्हणतात बॅटरीवर पुढच्या गावापर्यंत जाऊ. इथे जाऊ नका, लाल दिवा लागला की बाजूला घ्या आणि इंजिन बंद. माझ्या सालच्या गाड्यांत ऑइल कूलर पंख्याच्या पत्र्याच्या आत असल्यामुळे तिसऱ्या सिलिंडरला आधीच हवा कमी मिळते, तो पहिला जातो.

तर घाट चढून वर एका गावात गॅरेज सापडलं. गाव सांगत नाही. स्पेअर बेल्ट माझ्याकडे होता, पुण्यात, कपाटात, ह्याच्यावर काही बोलू नका. मिस्त्रीने एक बेल्ट आणला, म्हणाला हाच लागतो साहेब. तो लांब होता. माझा ९.५ बाय ९०५ मिलिमीटरचा (रुंदी आणि लांबी), हा किती ते त्यावर वाचताच येत नव्हतं. लांब असल्यामुळे त्याने पुलीच्या मधले सगळे वायसर काढले तरी ढिलाच, मग नट बॉक्स पान्याला पाइप लावून आवळला, आणि उरलेले वायसर ‘एक्स्ट्रा’ म्हणून झाडूने कचऱ्यात. मी तेव्हा टपरीवर वडापाव खात होतो. बिल अकराशे. बेल्टचे साडेचारशे आणि बाकीचे कशाचे विचारलं तर म्हणे विंटेज गाडी आहे ना साहेब.

घासाघीस केली नाही, संध्याकाळपर्यंत गुहागर गाठायचं होतं. ही घाईच नडली.

महाबळेश्वर ते पोलादपूर हा आंबेनळी घाट साधारण चाळीस किलोमीटर आहे. उतार आहे म्हणून इंजिनाला त्रास नाही असं समजू नका. वळणं सलग आहेत, ब्रेक वाचवायला तुम्ही सेकंड गियरमध्ये उतरता, आरपीएम चढतो, पंखा इंजिनाच्या जवळपास दुप्पट वेगाने फिरतो आणि ढिला बेल्ट नेमका तेव्हाच घसरतो. कुंभरोशीच्या पुढे लाल दिवा आधी लुकलुकला, मग लागलाच. थांबलो, मागचं झाकण उघडलं तर जळक्या रबराचा वास, पुलीच्या आसपास काळी भुकटी, आणि बेल्ट अंगठ्याने दाबला तर इंचभराच्या वर आत गेला.

अर्धा तास कठड्यावर बसून काढला. एक बाइकवाला थांबला आणि म्हणाला न्यूट्रल करून इंजिन बंद करा, गाडी आपोआप खाली जाते. हे करू नका, प्लीज. जुन्या ड्रम ब्रेकवर आख्खा घाट उतरलात तर खाली पोचेपर्यंत ब्रेकच उरणार नाहीत. मी थर्डमध्ये, हळू, दिवा लुकलुकला की थांब, गार होऊ दे, परत निघ, असं करत पोलादपूरला पोचलो तेव्हा अंधार झाला होता. तेवढ्या अंतराला पावणेतीन तास. प्रतापगड त्या दिवशी मला दिसलाच नाही, बायकोला दिसला म्हणे.

पोलादपूरला बीटलचा बेल्ट मिळत नाही, महाडलाही नाही, विचारण्यात वेळ घालवू नका. मित्राला फोन केला, त्याने माझ्या कपाटातला बेल्ट रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिला. पण वायसर नव्हते ना. इंजिनाच्या पत्र्यावर ग्रीसला चिकटलेला एक सापडला, तो खिशात घालून सकाळी वडापने महाडला गेलो आणि लेथवाल्याकडून तसेच सहा करून घेतले. पन्नासला एक, असे तीनशे रुपये. वर चहा पाजला, तो वेगळाच. अकराशेवाल्याचा राग तिथे जरा उतरला.

आता लावायचं कसं, मी पोलादपूरच्या लॉजसमोर केलं तसं. इंजिन थंड पाहिजे. पुलीच्या आतल्या अर्ध्याला खाच असते, त्यात जाड स्क्रू ड्रायव्हर घालून डायनामोच्या वरच्या बोल्टला टेकवायचा म्हणजे पुली फिरत नाही, मग २१ च्या पान्याने नट सोडायचा. पुलीचे दोन अर्धे सुटे होतात, मध्ये वायसर. मधले कमी केले की दोन्ही अर्धे जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि टाइट होतो, जास्त घातले की ढिला. एका वेळी एकच वायसर हलवा. आणि काढलेला फेकायचा नाही, बाहेर नटाच्या टोपीखाली घालायचा, एकूण संख्या तीच राहिली पाहिजे, माझ्यात सात. नाहीतर नट पुलीला नीट दाबत नाही आणि शाफ्टच्या खाचेतली चावी, म्हणजे पुलीला शाफ्टवर धरून ठेवणारा लोखंडी तुकडा, झिजते. नट आवळताना मधून मधून इंजिन हाताने फिरवत राहा, बेल्ट दोन अर्ध्यांमध्ये चिमटतो. शेवटी मधोमध अंगठ्याने दाबून साधारण दीड सेंटीमीटर आत गेला पाहिजे. तारेसारखा वाजणारा बेल्ट म्हणजे बेरिंगची वाट, माझं बेरिंग अजून शीळ घालतंय, ह्या महिन्यात डायनामो खोलावा लागणार. सगळे वायसर बाहेर आले तरी ढिलाच असेल तर बेल्ट संपला, नवीन घाला. नवीन बेल्ट ताणला जाऊन ढिला होतो, म्हणून शंभरेक किलोमीटरवर परत बघा, मी चिपळूणच्या अलीकडे बघितला आणि एक वायसर बाहेर गेला.

गुहागर, वेळणेश्वर छान. तीन दिवस राहिलो, मासे खाल्ले. येताना कुंभार्ली घाट चढलो, कऱ्हाडमार्गे पुण्यात, लाल दिवा एकदाही नाही. कुंभार्लीच्या माथ्यावर थांबून बेल्ट दाबून बघितला तर बरोब्बर दीड सेंटीमीटर, मी एकटाच हसत होतो आणि एक ट्रकवाला बघत होता.

पुढच्या डिकीत आता कायमचं: दोन बेल्ट, डबीत दहा वायसर, २१ चा पाना, जाड स्क्रू ड्रायव्हर. आणि बाहेर कुठल्याही गॅरेजात नटाला हात लावू द्यायचाच असेल तर शेजारी उभे राहा, वडापाव नंतर खा. काकांना अजून फोन केलेला नाही, डायनामोचं बिल आलं की करतो.