पायजमा घातलेलं अस्वल

२०२३च्या जुलैमधला तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. चीनमधल्या हांगझोच्या प्राणिसंग्रहालयात एक अस्वल माणसासारखं दोन पायांवर उभं आहे, आणि मागून बघावं तर ढुंगणावर सैल पायजम्यासारख्या चुण्या. आत माणूस आहे, अशी बोंब उठली. शेवटी प्राणिसंग्रहालयाला खुलासा करावा लागला की ही अँजेला, सूर्यअस्वल, खरीखुरी. मीही तो व्हिडिओ चार जणांना पाठवला होता, खाली हसरे चेहरे टाकून.

पुढे सबाला जाणं झालं. बोर्निओ बेटावरचं हे मलेशियाचं राज्य. तिथे सांडाकानजवळ सेपिलोक म्हणून जागा आहे. सगळे जातात ते ओरांगउटान बघायला, खरं सांगायचं तर मीही त्यासाठीच गेले होते. त्याच्या अगदी शेजारी सूर्यअस्वलांचं केंद्र आहे, वाँग स्यू टे या संशोधकाने २००८ साली सुरू केलेलं. इथवर आलोच आहोत तर बघून घेऊ, अशा हिशेबाने शिरले आणि दुपार तिथेच गेली.

उंचावरच्या लाकडी सज्जावरून खाली जंगलाचा तुकडा दिसतो. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग कुजक्या ओंडक्यामागे काहीतरी काळं हललं. एवढंसं? मोठ्या कुत्र्याएवढं! अस्वलांच्या आठ जातींत ही सगळ्यात लहान. वजन २५ ते ६५ किलो, खांद्यापाशी उंची जेमतेम ७० सेंटिमीटर. पण त्याने ओंडक्यात नख्या रुतवल्या आणि मागे ओढल्या, तेव्हा जो कर्रर्र आवाज आला तो वरपर्यंत ऐकू आला. नख्या १० सेंटिमीटरपर्यंत वाढतात, कोयत्यासारख्या वाकलेल्या. ढलपी उडाली, खालची वाळवी उघडी पडली, आणि मग जीभ बाहेर आली. येतच राहिली. २०-२५ सेंटिमीटरची ती जीभ फटीत घालून, आत फिरवून, चाटून त्याने ती भेग साफ केली. डोळे अर्धवट मिटलेले. मलय भाषेत त्याला बेरुआंग मादू म्हणतात, म्हणजे मधाचं अस्वल. मला हे नाव जास्त पटतं. सूर्याचं नाव छातीवरच्या पिवळसर पट्ट्यामुळे पडलं. तो प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि सांभाळणारे त्यावरूनच कोण कोण ते ओळखतात.

मधासाठी ही अस्वलं डंख नसलेल्या मधमाश्यांची पोळी शोधतात. ती असतात जिवंत झाडाच्या खोडात, म्हणजे आधी दातांनी खोड फोडायचं. अशा पडलेल्या ढोली पुढे दुसऱ्यांच्या कामी येतात, धनेशालाही. फळं खाऊन बिया लांबवर टाकतात, ते वेगळंच. पुढचे पंजे आत वळलेले, तळवे बिनकेसांचे, त्यामुळे चालताना फेंगडं दिसतं, पण झाडावर सरसर चढतं.

आणि त्या चुण्या. मान आणि अंगावरची कातडी इतकी सैल असते की मागून कुणी मानगूट धरली, तर अस्वल आपल्याच कातडीत गर्रकन वळून धरणाऱ्याला चावतं. बोर्निओत वाघ नाहीत, पण भलेमोठे अजगर आहेत, आणि सुमात्रात वाघही आहेत. मी ज्याला पायजमा म्हणून हसले होते, ते त्याचं चिलखत निघालं.

बोर्निओच्या जंगलात भूक ही फार मोठी गोष्ट आहे, हे मला आधी ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, सदाहरित जंगल म्हणजे बारा महिने रेलचेल. तिथली मोठी झाडं काही वर्षांतून एकदा सगळी मिळून फळतात, आणि मधल्या काळात अक्षरशः दुष्काळ. याच वाँग यांनी १९९९ ते २००१ या काळात सबातल्याच डॅनम खोऱ्याच्या परिसरात अभ्यास केला, तेव्हा पकडलेली सहाच्या सहा अस्वलं हाडकुळी होती, त्यातली दोन पुढे मेलेली सापडली. जंगल अखंड असतं तर भुकेलं अस्वल लांब जाऊन उंबर-वडाच्या जातीची फळं शोधतं. मध्ये ताडतेलाचे मळे आले की जाणार कुठे? मळ्यात शिरलं तर माणसांशी गाठ, जंगलात राहिलं तर रानडुकरांसाठी लावलेले फास. त्यात पित्ताशयाचा धंदा. अस्वलाच्या पित्तातलं औषधी द्रव्य प्रयोगशाळेत कधीच बनवता आलंय, तरी लोकांना ते अस्वलाचंच हवं असतं! या हट्टापुढे मला हात जोडावेसे वाटतात. १९७९पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे, सबात मारणं-पाळणं दोन्ही गुन्हा आहे.

तरी पिल्लं पाळली जातात. पिल्लू आईजवळ दोनेक वर्षं राहतं, आणि आई ते सहजासहजी सोडत नाही. म्हणजे कुणाच्या घरी पिल्लू आहे याचा अर्थ बहुतेक वेळा आई मारली गेली आहे. केंद्रातली बहुतेक अस्वलं अशीच आलेली.

"तो वर बघा," तिथली मुलगी म्हणाली. बराच उंच एका फांदीवर एक अस्वल पोटावर पालथं पडलं होतं, चारही पाय खाली लोंबत, हनुवटी फांदीवर टेकलेली. ते सिमेंटच्या पिंजऱ्यात वाढलं होतं. इथे आणल्यावर जंगलाकडचं दार उघडून ठेवलं, तर कित्येक आठवडे बाहेर येईना. पुढचा एक पंजा गवतावर ठेवायचं, ओलं लागलं की झटकून परत आत घ्यायचं. ती रोज दाराबाहेर थोडं मध ठेवायची, आदल्या दिवसापेक्षा वीतभर पुढे.

आम्ही बघत होतो तेवढ्यात सर आली. सज्जावरची माणसं छपराखाली पळाली. अस्वलाने एक कान हलवला आणि हनुवटी फांदीच्या दुसऱ्या बाजूला टेकवली.